उजवा खालचा कोपरा

चंदनाने पुन्हा टीव्ही मागितला.

"टीव्ही," तिची बोलकी पाटी म्हणाली. आवाज नेहमीचाच, सात-आठ वर्षांच्या मुलीचा, गोड आणि कधीच न वैतागणारा. टीव्ही तर लागलेलाच होता. पडद्यावर हत्तीचं पिल्लू सोंडेने फुगे फोडत होतं. चंदनाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिचे डोळे चाकाच्या खुर्चीला अडकवलेल्या पाटीवरच होते. "टीव्ही. टीव्ही."

"लावलाय की गं राणी," शर्वरी म्हणाली आणि तिने लेकीच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. पण पंखा डोक्यावर गरगरत असूनही कपाळ घामाने ओलं होतं.

सकाळी भरवलेली पेज चंदनाने ओकून टाकली होती. पोट टणक लागत होतं. पण तिचं सगळं अंगच जन्मापासून टणक, हातपाय ताठ, पाठ एका बाजूला वाकलेली. ओकणंही नवं नव्हतं. चेहरा वेडावाकडा होणं तर रोजचंच. एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच नवीन नव्हतं, आणि शर्वरीला भीती वाटत होती ती नेमकी त्याचीच.

संमेद कारखान्यातून जेवायला आला. मिरजेत त्यांचा तंबोरे बनवायचा पिढीजात धंदा. भोपळा घासल्याची पिवळट भुकटी त्याच्या भुवयांवर बसलेली होती.

"काय झालं? तोंड का असं?"

"हिचं काहीतरी दुखतंय."

"ती म्हणतीय का तसं?"

"नाही. टीव्ही म्हणतीय. कालपासून नुसतं टीव्ही."

"मग झालं तर. टीव्ही मागणाऱ्या पोरीला काय धाड भरलीय?" असं म्हणत तो लेकीपुढे उकिडवा बसला, तिच्या गालाला बोट लावलं, आणि त्याचं हसू तिथेच विरलं. तिचा श्वास वरच्या वर चालला होता. त्याने हात धुतले नाहीत की ताट मागितलं नाही. "गाडी काढतो," एवढंच म्हणाला.

सगळ्यांसाठी एकच पडदा, ही कल्पना त्या काळात जुनी झाली होती. बँकेतलं यंत्र असो, एसटी स्टँडावरची तिकिटाची काच असो, समोर कोण उभं आहे हे ओळखून ती स्वतःला बदलून घेत असे. शर्वरीच्या सासऱ्यांपुढे अक्षरं आपोआप मोठी होत. हात थरथरणाऱ्याच्या बोटाखाली बटण सरकून येई. दृष्टी नसलेल्याशी काच बोलू लागे. प्रत्येक माणसाची एक 'घडण' साठवलेली असे: त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, हात कुठवर पोचतो, किती पर्याय समोर ठेवले तर तो गोंधळत नाही. ही घडण त्याच्यासोबत गावभर फिरे, आणि जिथे तो जाईल तिथली काच तिच्या मापाने उघडे. माणसाने यंत्राच्या सवयी शिकायच्या नाहीत. यंत्राने माणसाच्या शिकायच्या. ज्यांच्यासाठी आजवर कुठलंच बटण नीट जागी नव्हतं, त्यांना यामुळे जग उघडलं होतं, यात काही खोटं नव्हतं.

चंदनाच्या ताब्यात होते ते फक्त डोळे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हात तिला हवे तिथे जात नसत, मान ठरत नसे, जीभ वळत नसे. पाटी तिच्या डोळ्यांवर न दिसणारा प्रकाश टाकी. बुबुळावर त्या प्रकाशाचा ठिपका कुठे चमकतो आणि बाहुली कुठे आहे, यांच्यातल्या अंतरावरून नजर काचेवर कुठे पडली हे तिला कळे. एका चौकोनावर नजर जरा थांबली की पाटी त्यावरचा शब्द बोले. मग खाली शर्वरीसाठी बारीक अक्षरांत प्रश्न येई: अर्थ जुळला का? हो किंवा नाही. शर्वरी प्रत्येक वेळी इमानदारीने उत्तर देई. जे शब्द 'नाही'मध्ये जात, ते पाटी हळूहळू काढून टाकी. जे 'हो'मध्ये जात ते मोठे करी, आणि चंदनाची नजर जिथे सहज जाते तिथे नेऊन ठेवी. चुका कमी, उत्तर पटकन. सुरुवातीला काचभर चौकोन होते. मग बारा उरले. आता चारच: वर डावीकडे पाणी, वर उजवीकडे खाऊ, खाली डावीकडे बाहेर, खाली उजवीकडे टीव्ही. चंदनाच्या उपचार केंद्रातल्या मृणाल मॅडमनी अचूक उत्तरांचा आलेख दाखवला होता, सरळ वर चढत गेलेला. संमेदने त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते. शर्वरीनेही खाल्ला होता एक. पण एक गोष्ट तिला खटकत राहिली होती. चंदना पाणी मागायची, आणि वाटी ओठांना लावली की ओठ घट्ट मिटून घ्यायची.

रुग्णालयाच्या दारातल्या भिंतीवर मोठी काच होती, आल्यागेल्याला वाट दाखवणारी. चंदनाची खुर्ची समोर येताच तिच्यावरचे बाण, मजले, विभाग सगळे मिटून गेले आणि चार चौकोन उरले. चंदनाने पाहिलं. "टीव्ही," भिंत म्हणाली, आणि प्रतीक्षालयातला टीव्ही लागला. बाकावरची एक बाई कौतुकाने म्हणाली, "हुशार आहे हो."

डॉक्टर फरहीन मुजावर तरुण होत्या. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. समोरचा बोलेल ते त्यांच्या चष्म्याच्या काचेवर अक्षरांत उमटे, म्हणून त्या माणसाकडे बघताना किंचित आरपार बघितल्यासारख्या बघत. त्यांनी चंदनाला नीट तपासलं, घाई केली नाही. पोटाला हात लावताच चंदना कळवळली. पण दंडाला लावला तेव्हाही कळवळली होती. सोनोग्राफीत वायूच्या ढगांपलीकडे काही दिसलं नाही.

"पोट फुगलंय, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण अशा मुलांना कोठा जड असतोच, ताई. आत नेमकं काय आहे ते बघायला सीटी करायला लागेल, आणि ही हलू नये म्हणून भूल. मागच्या वर्षीचा न्यूमोनिया बघता हिच्या छातीला भूल म्हणजे खेळ नाही. ही त्यातून उठली नाही तर? तसंच कारण असल्याशिवाय मी देणार नाही."

"कारण मी सांगतेय ना. हिला वेदना आहेत."

"तुम्ही सांगताय. ती नाही सांगत."

पुढे काय येणार ते शर्वरीला ठाऊक होतं. स्वमुख नियम. माणूस आपल्या प्रमाणित यंत्रातून जे बोलेल ते त्याचं स्वतःचं बोलणं. आईबाप, नवरा, मुलगा, कुणीही त्यावर आपलं म्हणणं चढवायचं नाही. पालकाला पाटीत शब्द घालता यायचा नाही तो याचमुळे, उगाच कुणी लेकराच्या तोंडी आपली वाक्यं घालायला नकोत. हा नियम व्हावा म्हणून शर्वरी स्वतः तान्ह्या चंदनाला मांडीवर घेऊन सांगलीत उपोषणाला बसली होती.

"मी आई आहे तिची," तरी ती म्हणालीच.

"मलाही आई आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "मी कॉलेजात जाईपर्यंत माझ्या वतीने अम्मीच बोलायची. हिला गर्दीची भीती वाटते, हिला गोड चालत नाही. अम्मीचा जीव होता हो माझ्यावर. पण मला गोड आवडायचं, ताई. फार आवडायचं."

शर्वरी खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. "चंदू, बाळा, माझ्याकडे बघ. दुखतंय का गं?"

चंदनाचे डोळे घरंगळत काचेवर गेले. "टीव्ही."

"दुखतंय का? पोटात दुखतंय?"

"टीव्ही. टीव्ही."

डॉक्टरांनी नुसते हात किंचित उघडले.

"मृणाल मॅडमना लावतो फोन," संमेद म्हणाला. "दुखतंय हा शब्द घाला म्हणतो पाटीत. एक शब्द, त्याला काय लागतं?" तो बाहेर गेला आणि लगेच परत आला. "केंद्र सोमवारी उघडतंय. शब्द घालायला तिघांची समिती बसते म्हणे."

"ठेवून घेऊ हिला," डॉक्टर म्हणाल्या. "सलाइन लावते. सकाळपर्यंत बघू."

सकाळपर्यंत. चंदनाच्या ओठांभोवतीचा रंग उडत चालला होता. शर्वरीला वाटलं, ओरडावं, डॉक्टरांच्या डोळ्यांवरचा तो चष्मा ओढून काढावा. पण आरडाओरडा करणाऱ्या आईचं कुणी ऐकत नाही, एवढं ती या सात वर्षांत शिकली होती. पुरावा लागतो. दुखताना चंदनाचा चेहरा कसा होतो, आणि नुसती चिडली की कसा, एवढं तरी दाखवता येईल. तिने मोबाइल काढला आणि जुने व्हिडिओ उलटे उलटे नेले. वाढदिवस. चिंचेच्या झाडाखालचा झोका. मग केंद्रातला एक: सतरंजी, मृणाल मॅडम चंदनाचे पाय सरळ करतायत, शेजारी पाटी उभी, तेव्हाची, बारा चौकोनांची.

व्हिडिओतली चंदना पाटीकडे पाहते. "दुखतंय," पाटी म्हणते. "दुखतंय. दुखतंय." आणि मृणाल मॅडमचा हसरा आवाज, "नाटकी आहे हां एक नंबरची. व्यायाम चुकवतीय."

शर्वरीने व्हिडिओ मागे नेला. पुन्हा लावला. तिला आता चेहऱ्याशी देणंघेणं नव्हतं. ती फक्त डोळे पाहत होती.

खाली. उजवीकडे. टोकाला.

त्या वेळी तिथे 'दुखतंय' होतं. मग एक दिवस नव्हतं. ते कसं गेलं हेही तिला आठवलं, कारण ते तिनेच घालवलं होतं. रोज व्यायामाला आडवं केलं की चंदना तेच म्हणायची, पायाला हात लागायच्याही आधी. अर्थ जुळला का? शर्वरी विचार करायची, खरंच करायची, आणि 'नाही' दाबायची. पाटीने तिचं ऐकलं. शब्द काढला. पण पोरीची नजर त्याच कोपऱ्यात जात राहिली, तेव्हा पाटीला वाटलं असणार, ही जागा हिला सोपी जातेय, इथे काहीतरी आवडीचं ठेवावं. तिने तिथे आणून ठेवला टीव्ही.

चंदनाला वाचता येत नव्हतं. चित्रंही तिला कितपत दिसत होती कोण जाणे. तिला जागा पाठ होत्या. अंधारात आपल्या घरातलं बटण सापडतं तशा.

"डॉक्टर," शर्वरी म्हणाली. आवाज इतका बारीक झाला होता की चष्म्यालाही तो पकडायला वेळ लागला. "ती टीव्ही म्हणत नाहीये."

तिने व्हिडिओ दाखवला आणि जमेल तसं समजावलं. वाक्यं एकमेकांवर पडत होती. संमेद मध्येच म्हणाला, "अगं पण..."

डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "असेलही," त्या म्हणाल्या. "किंवा नसेलही. कोपऱ्यात बघायची सवय झाली असेल. आणि तुम्हाला जे हवं होतं तेच तुम्हाला सापडलंय, ताई. आयांना सापडतं."

"मग तुम्ही विचारा तिला. पाटी बंद करा आणि विचारा. मी समोर राहत नाही."

"बंद काचेवर?"

"बंद काचेवर काहीच नसतं. सवय तरी कशाची राहील? जुन्या पाटीवर टीव्ही वर डावीकडे होता, जिथे आता पाणी आहे. तो कुठाय विचारा, आणि दुखणं कुठाय विचारा. कोपऱ्याची नुसती सवय असेल तर दोन्ही वेळा कोपऱ्यातच बघेल."

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आरपार नाही, तिच्याकडे. मग त्या म्हणाल्या, "पडद्यामागे उभे राहा. दोघंही. आवाज नको, खोकलासुद्धा नको. तिला तुमच्याकडून काही कळता कामा नये."

चंदना जन्मल्यापासून शर्वरी तिच्या नजरेबाहेर क्वचितच गेली होती. हिरव्या पडद्यामागे संमेदच्या शर्टाला लाकडाचा वास येत होता. त्याने तिचं मनगट धरलं होतं, आणि ते कुणासाठी धरलंय हे त्यालाही सांगता आलं नसतं. पाटी बंद झाल्याचा टिक्‌ आवाज आला.

"चंदना," डॉक्टर म्हणाल्या. "मी फरहीन. मी आयुष्यभर लोकांचे ओठ वाचत आलेय. आज तुझे डोळे वाचते. सावकाश चालेल. टीव्ही कुठाय?"

काही नाही. पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी बाळ किरकिरलं. शर्वरीच्या मनात आलं, हिला काही समजत नसेल तर? सगळं माझ्याच डोक्यातलं असेल तर? आजवर हिच्याशी जे जे बोलले ते सगळंच...

"वर," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "तिच्या डाव्या हाताला. परत विचारते. चंदना, टीव्ही?" थोडा वेळ गेला. "हो. तिथेच."

पाणी, शर्वरीच्या मनात आलं. घट्ट मिटलेले ओठ, हनुवटीवरून ओघळणारं पाणी, आणि 'पी की गं, तूच मागितलंस ना' म्हणून आपण केलेली दटावणी. पोरगी टीव्ही मागत होती.

"चंदना, दुखतंय?"

या वेळी डॉक्टर काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी पुन्हा विचारलं, "दुखतंय, बेटा?"

शर्वरीला राहवलं नाही. तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. काळीकुट्ट काच. तिच्यावर काही म्हणजे काही नव्हतं, खोलीतल्या दिव्याची तिरीप तेवढी. आणि चंदना त्या काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पाहत होती. नजर निसटत होती, मान आपोआप मागे जात होती, डोळे वर फिरत होते. ती सगळं अंग गोळा करून त्यांना परत खेचून आणत होती आणि त्याच कोपऱ्यावर ठेवत होती. तिथे कुणीच नव्हतं. तरी ती दार वाजवत होती.

डॉक्टर उठल्या. दारात जाऊन त्यांनी हाक दिली, "भूलतज्ज्ञांना बोलवा. सीटी, आत्ता." मग नोंदीच्या यंत्राशी बोलल्या, शब्द सुटे सुटे करत, "रुग्णाचं स्वतःचं म्हणणं. दुखतंय."

पुढचं भराभर झालं. आतड्याला पीळ पडला होता. वाकड्या पाठीच्या मुलांना पडतो कधीकधी. पीळ पडलेल्या भागाला रक्त पोचत नव्हतं. किती भाग काळा पडलाय ते पोट उघडल्यावरच कळणार होतं.

"किती वेळ झाला असेल, हे कळलं असतं तर बरं होतं," शल्यविशारद कपडे बदलताबदलता म्हणाले. "पण ते कोण सांगणार?"

"तिने सांगितलंय," शर्वरी म्हणाली. "काल दिवेलागणीला. मी भाकरी थापत होते. तेव्हा पहिल्यांदा टीव्ही म्हणाली."

शल्यविशारदांना काही उमगलं नाही. डॉक्टर मुजावरांना उमगलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि अक्षरांशिवाय काही वेळ तशाच उभ्या राहिल्या.

शस्त्रक्रियेच्या खोलीकडे जाणारा बोळ लांब होता. दोन्ही भिंतींवर ठरावीक अंतराने काचा होत्या, रुग्णांच्या सोयीसाठी. ढकलगाडी पुढे सरकत गेली तशी एकेक काच जागी होत गेली, चंदनाला ओळखत गेली, आणि तिच्या मापाने चार चौकोन मांडत गेली. पाणी, खाऊ, बाहेर, टीव्ही.

"टीव्ही," पहिली काच गोड आवाजात म्हणाली.

"हो बाळा, दुखतंय," शर्वरी गाडीबरोबर चालत म्हणाली.

"टीव्ही."

"दुखतंय. कळलं मला. खूप दुखतंय."

"टीव्ही. टीव्ही."

"होय गं माझी राणी," दुसऱ्या बाजूने संमेद म्हणाला. "दुखतंय. ऐकलं आम्ही."

समोरून येणारी एक परिचारिका थबकली. मूल टीव्ही मागतंय आणि आईबाप भलतंच काहीतरी बोलतायत, असं तिला वाटलं असणार. डॉक्टर मुजावरांनी तिला हातानेच बाजूला व्हायची खूण केली. दरवाजा जवळ आला. त्याच्या पलीकडे आईला जाता येत नव्हतं, आणि तिथून काय परत येईल हे बोळातल्या कुणालाच सांगता येत नव्हतं. शर्वरी वाकली, लेकीच्या ओल्या कपाळाला तिने कपाळ टेकवलं.

"मी तुझं म्हणणं पुसलं होतं," ती म्हणाली. "परत नाही पुसणार. तू बोल. कितीदाही बोल."

दाराशेजारी शेवटची काच होती. ती उजळली. चार चौकोन मांडून, गोड आवाज तयार ठेवून ती वाट पाहू लागली.

चंदनाने तिकडे पाहिलंच नाही. तिचे डोळे कोपरा सोडून, हेलकावे खात, मध्ये दोनदा निसटत, हळूहळू वर आले आणि आईच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

काच गप्प होती. दार उघडलं.